मीरकॅट ५० आणि स्वस्त आयात एटीव्हीचा हिशेब

२००७ साली अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने, म्हणजे सीपीएससीने, ‘मीरकॅट ५०’ नावाच्या लहान मुलांच्या एटीव्हीबद्दल, म्हणजे खडबडीत जमिनीवर चालणाऱ्या छोट्या उघड्या चारचाकीबद्दल, जाहीर इशारा दिला. गाडी चिनी, ब्रँड काझुमा, आणि ती अमेरिकेत आणणारा वितरक टेक्सासमधल्या कॉमर्स या गावातला. इशाऱ्यात पाच गोष्टी होत्या. पुढच्या चाकांना ब्रेक नाही. पार्किंग ब्रेक नाही. गाडी न्यूट्रलमध्ये आहे हे दाखवणारा दिवा नाही. गिअर पडलेला असतानाही गाडी सुरू होते. आणि सोबतच्या पुस्तिकेत ती चालवायची कशी, राखायची कशी, याची पुरेशी माहिती नाही.

असे इशारे हा आयोग वर्षभर काढत असतो, पण ते बहुतेक वेळा कंपनीला सोबत घेऊन निघतात. अमुक कंपनी तमुक माल परत घेते आहे, दुरुस्ती फुकट करून मिळेल, या नंबरवर फोन करा, असा त्यांचा साचा असतो. मीरकॅटच्या वेळी आयोग एकटाच बोलत होता. आयोगाला पटेल अशी दुरुस्तीची किंवा परतीची योजना राबवायला वितरक तयारच झाला नाही. म्हणजे ज्यांच्या घरी ही गाडी होती त्यांना सरकारने सांगितलं की गाडी धोक्याची आहे, आणि पुढे काय करायचं ते त्यांचं त्यांनी बघायचं होतं.

स्वस्त आयात एटीव्ही घ्यावी का, असा प्रश्न आला की चर्चा लगेच इंजिन किती टिकतं, प्लास्टिक कसं आहे, सुटे भाग मिळतात का, इकडे वळते. ते प्रश्न बरोबरच आहेत आणि त्यांच्याकडे येऊच. पण मला या सगळ्या व्यवहारात मीरकॅटचं प्रकरण जास्त शिकवणारं वाटतं, कारण त्यात गाडी बिघडलेली नव्हती. ती कारखान्यातून जशी निघाली तशीच होती.

एटीव्ही म्हणजे काय ते आता कोकणात सुट्टीला गेलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. फुगीर टायर, स्टिअरिंगऐवजी हँडल, दोन्ही बाजूंना पाय टाकून बसायचं. ऑस्ट्रेलियात हिला क्वाड म्हणतात आणि तिथे ती मुळात शेतावरची गाडी आहे. मीरकॅट मात्र शेतातली नव्हे, मुलांच्या खेळातली. नाताळात अंगणात उभी राहावी, म्हणून घेतली जाणारी.

आता त्या पाच उणिवा एकेक करून बघू, कारण कागदावर त्या किरकोळ वाटतात.

कुठल्याही गाडीला ब्रेक लावला की वजन पुढे सरकतं. मागची चाकं हलकी होतात, पुढची जड. सायकलवर हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय. उतारावर तर हे आणखी वाढतं. त्यामुळे फक्त मागे ब्रेक असलेली गाडी नेमक्या गरजेच्या क्षणी ज्या चाकांवर भार कमी आहे त्यांच्यावरच विसंबून असते. मागची चाकं अडकतात आणि घसरतात, गाडी आडवी होते. शिवाय एकच ब्रेक म्हणजे एकच केबल किंवा एकच नळी. ती तुटली की दुसरा उपाय नाही.

पार्किंग ब्रेक नसणं हे सपाट अंगणात कुणाच्या लक्षातही येणार नाही. उतारावर मूल खाली उतरलं, गाडी मागे घरंगळायला लागली, की मूल काय करतं? ते गाडी धरायला जातं. मोठा माणूसही तेच करतो, पण त्याचं वजन गाडीइतकं तरी असतं.

न्यूट्रलचा दिवा आणि गिअरमध्ये सुरू होणं या दोन उणिवा खरं तर एकच आहेत, आणि माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात गंभीर भाग हाच. गाडी गिअरमध्ये आहे की नाही हे मुलाला कळायला मार्ग नाही. कळत नसताना त्याने स्टार्टरचं बटण दाबलं, तर गाडी नाही म्हणत नाही, पुढे उडी घेते. आणि इथे एटीव्हीची एक खास गोष्ट आहे. मोटरसायकलसारखी तिची मूठ पिळायची नसते, उजव्या अंगठ्याने एक छोटी पट्टी दाबायची असते. गाडी अचानक पुढे गेली की शरीर मागे झुकतं, हात घट्ट होतात, आणि घट्ट झालेल्या हाताचा अंगठा आपोआप ती पट्टी आणखी दाबतो. नवशिक्याला सोडून द्यायचं सुचत नाही. मुलांच्या चांगल्या एटीव्हीवर म्हणूनच वेग रोखणारा स्क्रू असतो, आणि मुलाच्या मनगटाला किंवा मोठ्या माणसाच्या हातात दोरी असते जी ओढली की इंजिन बंद पडतं.

या सगळ्याला खर्च किती आला असता? एक छोटा दिवा, गिअरच्या तोंडाशी एक स्विच, चार वायरी, हँडब्रेकच्या लिव्हरवर एक अडकवण. पुढच्या ब्रेकला थोडे जास्त. एकूण किमतीच्या मानाने फार नाही. म्हणूनच कंजूषपणा हे उत्तर मला पटत नाही. कारखान्याला हे भाग परवडत नव्हते असं नाही, ते लावायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या मालाची ऑर्डर देणाऱ्याने विचारलं नाही, ऑर्डर देणाऱ्याला देशाच्या कायद्याने विचारलं नाही, आणि गिऱ्हाइकाला या गोष्टी ठाऊकच नव्हत्या.

कायद्याने का विचारलं नाही, त्याची हकिकत १९७० पासूनची आहे. होंडाने त्या वर्षी फुगीर टायरांची तीनचाकी बाजारात आणली आणि दहा-बारा वर्षांत ती अमेरिकेत घरोघरी पोचली. सुझुकीने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पहिली चारचाकी आणली. तीनचाकी वळणावर उलटायची. मृत्यू आणि जखमींचे आकडे वाढत गेले, तेव्हा १९८८ साली होंडा, यामाहा, सुझुकी, कावासाकी आणि पोलारिस या पाच कंपन्यांनी सरकारशी न्यायालयात समझोता केला. तीनचाकी विकणं बंद. गाडी घेणाऱ्याला फुकट प्रशिक्षण. ९० सीसीच्या वरची गाडी सोळा वर्षांखालच्या मुलासाठी विकायची नाही. समझोत्याची मुदत दहा वर्षांची होती. ती १९९८ साली संपली, त्यानंतर या कंपन्यांनी आयोगाशी स्वतंत्र लेखी योजना केल्या आणि बहुतेक नियम पाळत राहिल्या.

गाडीची रचना कशी असावी याचं एक प्रमाणही होतं. ब्रेक किती, दिवे कुठले, कुठल्या वयाच्या मुलांच्या गाडीचा वेग किती, हे त्यात लिहिलेलं होतं. पण ते ऐच्छिक होतं. जुन्या कंपन्या ते पाळत, कारण १९८८ चा धडा त्यांच्या अंगावरचा होता आणि त्यांना न्यायालयात खेचता येत होतं. नव्या शतकात चीनमधून जे शेकडो ब्रँड यायला लागले, त्यांच्यापैकी कुणीच त्या समझोत्यात नव्हतं. त्यांचा माल एटीव्हीच्या शोरूममध्ये यायचाच नाही. वाहनांचे सुटे भाग विकणारी दुकानं, जुन्या गाड्यांचे आडते, आठवडी बाजार आणि इंटरनेट, असा त्यांचा रस्ता होता. लोखंडी पेटाऱ्यात बंद गाडी दारात येणार, हँडल आणि चाकं तुम्ही बसवायची.

आयोगाचं बळही तेव्हा तुटपुंजं होतं. १९८० च्या सुमारास जवळपास हजार माणसं असलेल्या त्या कार्यालयात २००७ साली सुमारे चारशेच उरली होती, आणि त्यांच्याकडे खेळण्यांपासून पाळण्यांपर्यंत हजारो वस्तू. वितरकाने नाही म्हटलं तर सक्तीने माल परत घ्यायला लावण्यासाठी सुनावणीची लांबलचक वाट. चिनी कारखाना तर त्यांच्या हद्दीतच नाही. उरला जाहीर इशारा, तो त्यांनी दिला.

त्या वर्षी अमेरिकेत चिनी मालाबद्दल आधीच आरडाओरडा चालू होता. पाळीव प्राण्यांच्या खाद्यात मेलामाइन, खेळण्यांच्या रंगात शिसं. त्या रेट्यात १४ ऑगस्ट २००८ रोजी ग्राहक उत्पादनांच्या सुरक्षेचा नवा कायदा झाला आणि त्यात एटीव्हीसाठी स्वतंत्र तरतूद आली. १३ एप्रिल २००९ पासून ते ऐच्छिक प्रमाण सक्तीचं झालं. गाडी बनवणाऱ्याने किंवा आयात करणाऱ्याने आयोगाकडे आपली सुरक्षा योजना सादर करून मंजूर करून घ्यायची, आणि प्रत्येक गाडीवर तसं लेबल हवं. नवी तीनचाकी आणायलाही बंदी. मुलांच्या गाड्यांचे वयानुसार गट ठरले. सहा वर्षांवरच्या मुलांच्या गाडीचा कमाल वेग ताशी १५ मैल, आणि रोखस्क्रू लावल्यावर १०. दहा वर्षांवरच्यांसाठी कमाल ३०, रोखल्यावर १५. मुलांच्या गाडीला पुढचा मोठा दिवा लावायलाच मनाई, कारण दिवा दिला की मूल अंधारात गाडी काढणार. हा नियम मला फार आवडतो. एखादा भाग मुद्दाम काढून घेऊन सुरक्षा वाढवणं, असं क्वचितच दिसतं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडायला हवी, नाहीतर हे लिखाण चिनी मालाविरुद्धचं गाऱ्हाणं होईल. २००७ च्या सुमारास अमेरिकेत एटीव्हीच्या अपघातांत वर्षाला दीड लाखाच्या घरात माणसं इस्पितळाच्या तातडीच्या विभागात जात होती, आणि त्यातली चौथ्या हिश्श्याहून जास्त सोळा वर्षांखालची होती. वापरातल्या एकूण एटीव्हींत मोठ्या ब्रँडचाच भरणा होता, त्यामुळे हे अपघात काही पेटाऱ्यातल्या गाड्यांच्या माथी मारता येत नाहीत. कारणं ठरलेली असतात. मोठ्याची जड गाडी लहानाच्या हातात. एकाची सीट आणि बसलेले दोघं. हेल्मेट नाही. आणि डांबरी रस्ता, जो या गाडीला मानवत नाही, कारण तिचे कमी हवेचे टायर आणि अनेक मॉडेलांत मागच्या दोन्ही चाकांना जोडणारा एकच आस डांबरावर वळताना गाडीला उलटायला मदत करतात. महागडी होंडा घेतली म्हणून यातलं काहीच टळत नाही.

मग महाग गाडीत जास्तीचे पैसे कशाचे? आज अमेरिकेत पेटाऱ्यातून येणारी ११० ते १२५ सीसीची गाडी हजार डॉलरच्या आत मिळते. नामांकित कंपनीची मुलांची ५० सीसीची गाडी दोन हजारांच्या वर, ९० ते ११० सीसीची तीन हजारांच्या आसपास किंवा वर. फरक दुप्पट ते चौपट. इंजिनात तेवढा फरक नसतो, हे आपल्याकडच्या कुठल्याही गॅरेजवाल्याला पटेल. ती आडव्या सिलिंडरची छोटी इंजिनं होंडाच्या जुन्या कब गाडीच्या इंजिनाची नक्कल आहेत, आणि जरा मोठ्या गाड्यांमध्ये बसवलेलं जीवाय६ नावाचं इंजिन मुळात तैवानच्या किमको कंपनीचं स्कूटरचं इंजिन. दोन्ही दणकट, दोन्ही लाखोंनी बनलेली. कार्ब्युरेटर, ठिणगी सोडणारं सीडीआय, स्टार्टरची रिले, सगळं पाच-पंचवीस डॉलरमध्ये मिळतं आणि एका ब्रँडचं दुसऱ्याला बसतं. ज्याला पाना धरता येतो त्याच्यासाठी ही खरंच मोठी सोय आहे, नाकारण्यात अर्थ नाही.

अडचण इंजिनाच्या भोवतालच्या भागांत येते. नट-बोल्ट कुठल्या दर्जाचे, जोडकाम कसं, मागच्या आसाचे बेअरिंग कोणते. पेटारा उघडल्यावर गाडी चालवायच्या आधी प्रत्येक नट तपासून घट्ट करायचा, चाकांच्या नटांत ते सुटू न देणारी स्प्लिट पिन आहे का बघायचं, ब्रेक समायोजित करायचा, व्हॉल्व्हची फट मोजायची, आणि पहिल्या तासाभराच्या चालीनंतर ऑइल बदलायचं, कारण त्यात धातूचा कीस येतो. शोरूममध्ये हेच काम मेकॅनिक करतो आणि सही करतो. पेटाऱ्याच्या व्यवहारात ती सही करणारा माणूस तुम्ही असता. तुम्हाला ते येत असेल तर पैसे वाचले. येत नसेल तर जवळच्या होंडा किंवा यामाहाच्या डीलरकडे गाडी न्यावी लागते, आणि बरेच डीलर अनोळखी ब्रँडला हात लावत नाहीत. त्यांना सर्व्हिस मॅन्युअल मिळत नाही, आणि दुरुस्तीनंतर काही झालं तर जबाबदारी त्यांच्यावर येते. इंजिनाचे भाग कुठेही मिळाले तरी पुढच्या चाकाचा हब किंवा सस्पेन्शनची भुजा मिळेलच असं नाही, कारण ते भाग खेपेगणिक बदलतात. अडीचशे डॉलरच्या भागापायी हजारांची गाडी शेडमध्ये पडून राहते, ती अशी.

जबाबदारी कुणाची हा प्रश्न फक्त ब्रेकपुरता नाही. टेक्सासच्याच ताओताओ यूएसए या आयातदाराचं प्रकरण घ्या. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेकडून, ईपीएकडून, गाडीच्या धुराचं प्रमाणपत्र घेताना धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये कोणते मौल्यवान धातू किती प्रमाणात आहेत ते लिहून द्यावं लागतं. तपासणीत निघालं की प्रत्यक्ष गाड्यांमधले कन्व्हर्टर लिहून दिल्याप्रमाणे नव्हते. प्रश्न १,०९,९६४ मोटरसायकली आणि एटीव्हीसारख्या गाड्यांचा होता. २०१८ साली प्रशासकीय न्यायाधीशांनी सुमारे १६ लाख डॉलरचा दंड ठोठावला. गिऱ्हाइकाला यात दिसण्यासारखं काहीच नाही, गाडी सुरू होत होती, धावत होती. त्याआधी २०१० साली पेप बॉइज या सुट्या भागांच्या दुकानसाखळीने चीनहून आणलेल्या २,४१,००० वाहनं आणि इंजिनांच्या प्रकरणात ५० लाख डॉलर भरायचं मान्य केलं होतं. मोठी दुकानसाखळी असली की निदान दंड वसूल होतो.

आणि मीरकॅटसारखी प्रकरणं कायद्यानंतर संपली का? नाही. मुलांच्या स्वस्त एटीव्हींवर आयोगाच्या नोटिसा निघतच राहिल्या. पार्किंग ब्रेक नाही, सस्पेन्शन प्रमाणात बसत नाही, वेग मर्यादेपेक्षा जास्त, हीच कारणं पुन्हा पुन्हा. फरक इतका की आता प्रमाण सक्तीचं आहे, त्यामुळे आयातदार सापडला तर त्याला पैसे परत द्यायला लावता येतात. सापडला तर. कंपनीने नाव बदललं किंवा गाशा गुंडाळला की पुन्हा २००७ सालचीच परिस्थिती.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, म्हणजे चिनी घेऊच नका. ऑस्ट्रेलियाने या निष्कर्षाची पंचाईत करून ठेवली आहे. तिथे क्वाड बाईकवर वर्षाला सरासरी १६ माणसं मरत होती, बहुतेक शेतांवर आणि बरीचशी उलटलेल्या गाडीखाली दबून. २०१९ साली तिथल्या सरकारने सुरक्षा प्रमाण आणलं. पहिल्या टप्प्यात, ऑक्टोबर २०२० पासून, गाडी किती कोनात उलटते याचा चाचणीतला आकडा गाडीवरच्या पट्टीवर लिहिणं सक्तीचं. दुसऱ्या टप्प्यात, ऑक्टोबर २०२१ पासून, शेतीकामाच्या नव्या गाड्यांना मागे एक संरक्षक कमान असलीच पाहिजे, म्हणजे गाडी उलटली तरी माणूस तिच्याखाली चिरडणार नाही. होंडा, यामाहा, सुझुकी, कावासाकी आणि पोलारिस, म्हणजे १९८८ च्या समझोत्यातल्या त्याच पाच कंपन्या, कमानीचा उपयोग सिद्ध झालेला नाही असं म्हणत किंवा न म्हणता त्या बाजारातून बाहेर पडल्या. सीएफमोटो ही चिनी कंपनी तिथेच राहिली, कमान लावून गाड्या विकत राहिली आणि तिथली सगळ्यात जास्त एटीव्ही विकणारी झाली.

सीएफमोटो हांगझोऊची, १९८९ सालची. केटीएम या ऑस्ट्रियन मोटरसायकल कंपनीबरोबर तिने भागीदारी केली, तशीच आपल्या बजाजनेही, त्यामुळे पुण्याच्या मोटरसायकलवाल्यांना हे नाव नवं नाही. २०१९ साली ती आपल्याकडे मोटरसायकली घेऊनही आली होती. तिच्या गाड्याही जपानी गाड्यांपेक्षा स्वस्तच, पण तिला डीलर आहेत, वॉरंटी आहे, सुट्या भागांची यादी आहे, आणि सरकारने नियम काढला की उत्तर द्यायला माणूस आहे. मीरकॅट आणि सीएफमोटो एकाच देशातून आल्या. देशावरून गाडी पारखणं किती निरुपयोगी आहे याचा याहून सरळ पुरावा नको.

तेव्हा माझं मत असं. शेतावर काम करणाऱ्या प्रौढाने डीलर असलेली, वॉरंटी देणारी स्वस्त आयात एटीव्ही बिनधास्त घ्यावी. ती पैसे फेडते. ज्याला यंत्राची आवड आहे, हत्यारं आहेत आणि गाडी स्वतःसाठीच हवी आहे, त्याने पेटाऱ्यातली घेतली तरी हरकत नाही, फक्त किमतीत आपले दोन-तीन रविवार धरावेत. मुलासाठी मात्र पेटाऱ्यातली गाडी घेऊ नये, कितीही स्वस्त असली तरी. तेवढ्याच पैशात जुनी होंडा किंवा यामाहा मिळते. तिचं प्लास्टिक उन्हाने पांढरं पडलेलं असेल, सीट फाटलेली असेल, पण तिच्या पुढच्या चाकांना ब्रेक असतो आणि तिचे भाग वीस वर्षांनंतरही मिळतात. अमेरिकेतल्या आपल्या मंडळींना, ज्यांनी गावाबाहेर दोन-चार एकराचं घर घेतलं आहे आणि मुलं मागे लागली आहेत, त्यांनी आयोगाच्या संकेतस्थळावरची मंजूर योजना असलेल्या कंपन्यांची यादी आधी बघावी. गाडीवरचं नाव त्या यादीत नसेल तर पुढे काही तपासायची गरज नाही.

आपल्याकडे हा सौदा थोडा वेगळ्या वळणाने होतो. इथे मुलांसाठी घरी एटीव्ही घेणारे थोडे, किनाऱ्यावर किंवा रिसॉर्टवर फेऱ्या मारायला देणारे जास्त. घेणारा एक, बसणारी दुसरीच शेकडो मुलं, आणि त्यांच्या आईबापांना ब्रेकबद्दल विचारायचं सुचतही नाही. विकणारा सांगतो की गाडी ऑफ-रोड आहे, आरटीओची भानगड नाही. ते अर्धंच खरं आहे. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येतून अशा गाड्यांपैकी सुटतं ते फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारातच वापरायला बनवलेलं खास वाहन. स्वतःच्या रिसॉर्टच्या कुंपणाच्या आत हे म्हणता येईल, सार्वजनिक किनाऱ्यावर किंवा गावच्या रस्त्यावर नाही. तिथे नोंदणी नाही म्हणजे तृतीय पक्षाचा विमाही नाही, आणि अपघात झाला तर भरपाई गाडीवाल्याच्या खिशातून. गोव्यात तर पर्यटनस्थळांच्या संरक्षणाच्या कायद्याखाली किनाऱ्यावर गाडी घालणंच दंडनीय आहे.

सीपीएससीसारखा आयोग आपल्याकडे नव्हता. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आणलं, आणि धोकादायक माल परत घ्यायला लावण्याचे अधिकार त्याला दिले. पण याच कायद्यातलं कलम ८६ मला आयात एटीव्हीच्या बाबतीत त्याहून कामाचं वाटतं. उत्पादक कोण हे कळत नसेल, किंवा कळलं तरी त्याला नोटीस बजावता येत नसेल, किंवा तो भारतीय कायद्याच्या कक्षेतच येत नसेल, तर सदोष मालामुळे झालेल्या हानीची जबाबदारी विकणाऱ्यावर येऊ शकते. मात्र त्यासाठी विकणारा कोण हे कागदावर असावं लागतं. जीएसटी क्रमांक असलेलं पक्कं बिल, त्यावर चासी आणि इंजिन क्रमांक, आयातदाराचं नाव आणि पत्ता. ‘बिलाशिवाय पाच हजार कमी करतो’ असं विकणारा म्हणाला, तर तो नेमकं हेच कलम पाच हजारांना विकत घेत असतो.